ऑप-अँपचा नॉइज कसा मोजावा: आधी रेझिस्टर, मग आयसी

माइकचा प्रिअँप्लिफायर बांधून झाला, हेडफोन कानाला लावला आणि तानपुऱ्याच्या सुरामागे अखंड सळसळ ऐकू आली, की नवशिक्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो: हा दोष आयसीचा (म्हणजे संकेत मोठा करणाऱ्या ऑप-अँप चिपचा), रेझिस्टरचा, जोडणीचा की बाहेरून शिरलेल्या विजेच्या खरखरीचा? कोल्हापुरात या प्रश्नाला विशेष वजन आहे. शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळा, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींच्या इंडक्शन भट्ट्या, सीएनसी यंत्रांचे ड्राइव्ह आणि वेल्डिंग यांमुळे येथील वीजवाहिन्यांवर बराच कचरा असतो. तो कचरा आणि घटकाचा स्वतःचा नॉइज वेगळा ओळखता आला नाही, तर चांगली आयसी काढून टाकली जाते आणि खरे कारण तसेच राहते.

हा लेख इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि छंद म्हणून सर्किट बांधणाऱ्यांसाठी आहे. नॅनोव्होल्टमध्ये असलेला नॉइज मोजण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. दोन चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, एक झिरो पीसीबी (घटक डाग देऊन बसवण्याची भोकांची पाटी), लाइन-इन असलेले यूएसबी ऑडिओ कार्ड, मोबाइल, मल्टिमीटर आणि घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा एवढ्या साहित्यात हे काम होते. अट एकच आहे, आणि ती पाळल्याशिवाय पुढच्या कोणत्याही आकड्यावर माझा विश्वास बसत नाही: ज्याचा नॉइज आधीच ठाऊक आहे अशी वस्तू प्रथम मोजावी, उत्तर बरोबर आले तरच अनोळखी आयसीला हात लावावा.

नॉइज ठाऊक असलेली ती वस्तू म्हणजे साधा रेझिस्टर. बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या जॉन्सन यांनी प्रयोगाने आणि नायक्विस्ट यांनी सिद्धांताने १९२८ साली दाखवून दिले, की कोणत्याही रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये केवळ उष्णतेमुळे सूक्ष्म विद्युतदाब सतत डोलत असतो आणि त्याचे प्रमाण रेझिस्टर कोणी बनवला यावर अवलंबून नसते. बोल्ट्झमन स्थिरांक, केल्विनमधील तापमान आणि ओहममधील रोध यांचा गुणाकार करून त्याची चौपट करावी व वर्गमूळ काढावे, म्हणजे दर वर्गमूळ हर्ट्झमागे किती व्होल्ट नॉइज येतो ते मिळते. २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला, १ किलोओहमसाठी हा आकडा ४.०७ नॅनोव्होल्ट, १० किलोओहमसाठी १२.९ आणि १०० किलोओहमसाठी ४०.७ नॅनोव्होल्ट येतो. रोध शंभर पट झाला की नॉइज दहा पट होतो. तापमानाचा परिणाम मात्र नवशिक्यांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. एप्रिलच्या दुपारी खोलीत ३७ अंश असोत वा डिसेंबरच्या पहाटे १५, दोन्हींतील फरक सुमारे ४ टक्केच पडतो, कारण गणित केल्विनमध्ये होते आणि वर वर्गमूळही असते.

‘दर वर्गमूळ हर्ट्झ’ हे एकक पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटते. नॉइज सर्व वारंवारतांवर पसरलेला असल्यामुळे जितका रुंद पट्टा मोजू तितका तो जास्त भरतो. परंतु त्याची शक्ती पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युतदाब हा शक्तीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. याच कारणाने दोन स्वतंत्र नॉइज थेट बेरजेने कधीच मिळवायचे नसतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे असते. ३ आणि ४ नॅनोव्होल्ट मिळून ५ होतात, ७ नव्हे. पुढचे सारे मापन या एका नियमावर उभे आहे.

सर्किट

ज्या आयसीची परीक्षा घ्यायची तिच्यासाठी आठ पायांचा आयसी बेस लावावा, म्हणजे एकाच बोर्डावर अनेक आयसी मोजता येतात. टीएल०७२ आणि एनई५५३२ या दोन्ही आयसींचे पाय सारखेच असल्याने सुरुवातीला याच दोन घ्याव्यात. पहिली पायरी नॉन-इन्व्हर्टिंग, म्हणजे संकेत उलटा न करणारी, ठेवावी: आउटपुटपासून ऋण इनपुटपर्यंत १ किलोओहम आणि तेथून ग्राउंडपर्यंत १० ओहम, म्हणजे गेन (संकेत किती पट मोठा होतो ते प्रमाण) १०१ होतो. हे रेझिस्टर इतके लहान का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. हे दोन्ही रेझिस्टरही नॉइज करतात आणि तो थेट इनपुटवर येतो. १० ओहमचा नॉइज ०.४ नॅनोव्होल्ट असल्यामुळे तो हिशोबातून सोडून देता येतो, पण त्याच जागी १ किलोओहम असता तर ४ नॅनोव्होल्टची भर पडून शांत आयसीचे मापन पूर्ण बिघडले असते. बेसमधील आयसीचा दुसरा अर्धा भाग मोकळा सोडू नये. त्याचे धन इनपुट ग्राउंडला आणि ऋण इनपुट त्याच्याच आउटपुटला जोडावे.

पहिल्या पायरीच्या आउटपुटवर आयसीच्या ऑफसेटमुळे (इनपुट शून्य असतानाही राहणाऱ्या सूक्ष्म डीसी फरकामुळे) काही मिलिव्होल्टपासून एखाद्या व्होल्टपर्यंत डीसी येऊ शकतो, म्हणून पुढे १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि त्यानंतर ग्राउंडला १०० किलोओहम द्यावा. या १०० किलोओहमचा नॉइज येथे त्रास देत नाही, कारण काही हर्ट्झच्या वर कपॅसिटरमार्फत तो आधीच्या पायरीच्या अल्प रोधाशी जोडलेला असतो. त्यानंतर दुसरी एनई५५३२ घेऊन १० किलोओहम आणि १ किलोओहम वापरून ११ गेनची पायरी करावी. एकूण गेन १०१ गुणिले ११, म्हणजे ११११ होतो. दुसऱ्या पायरीचा नॉइज इनपुटच्या भाषेत सांगायचा तर १०१ ने भागला जातो, त्यामुळे तो नगण्य ठरतो.

गेन याहून वाढवण्याचा मोह टाळावा. १०,००० गेन ठेवला आणि इनपुटवर १०० किलोओहम लावला, तर आउटपुट आणि इनपुटच्या तारांमधील एक शतांश पिकोफॅरड एवढी नकळत राहिलेली कपॅसिटन्ससुद्धा सर्किटला दोलन सुरू करायला पुरते. ब्रेडबोर्डवर तर तारांमधील कपॅसिटन्स याहून कितीतरी अधिक असते, म्हणून तेथे हा प्रयोग करू नये. झिरो पीसीबीवर डाग देऊन, इनपुट एका टोकाला आणि आउटपुट विरुद्ध टोकाला ठेवावा, आणि प्रत्येक आयसीच्या दोन्ही सप्लाय पायांपासून ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर शक्य तितके जवळ लावावेत. रेझिस्टर सर्व मेटल फिल्मचे, १ टक्का अचूकतेचे घ्यावेत. कार्बन रेझिस्टरमधून डीसी प्रवाह गेला की त्यात उष्णतेच्या नॉइजपलीकडचा आणखी एक नॉइज निर्माण होतो.

डबा आणि वीज

सर्किट बॅटरीवरच चालवावे, चार्जर किंवा अडॅप्टर वापरू नये. लॅपटॉपही त्याच्या बॅटरीवर चालवून चार्जरची पिन भिंतीतून काढावी. संपूर्ण बोर्ड बॅटऱ्यांसह डब्यात ठेवून डबा सर्किटच्या ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडावा. कोणताही धातूचा डबा विद्युत क्षेत्र अडवतो, त्यामुळे स्वयंपाकघरातील स्टीलचा डबा या कामाला पुरेसा आहे. ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र मात्र वेगळ्या प्रकारचे असते. ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही ते या क्षेत्राला जवळपास अडवतच नाही. बिस्किटांचा जुना लोखंडी पत्र्याचा डबा थोडा उजवा ठरतो, हे चुंबक लावून दुकानातच तपासता येते. याहून मोठा उपाय म्हणजे अंतर. इन्व्हर्टर, मिक्सर, फ्रिज आणि यूपीएसपासून दोन मीटर दूर गेले तरी ५० हर्ट्झची रेषा लक्षणीयरीत्या खाली येते.

गल्लीतील वीज गेल्यावर मोजणी करणे ही उत्तम संधी आहे, पण घरातील इन्व्हर्टरही बंद करावा, कारण चौकोनी तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरमुळे ५० हर्ट्झच्या पटींच्या रेषा नेहमीच्या विजेपेक्षाही वाढतात. ज्यांचे घर किंवा वर्ग यंत्रशाळेला लागून आहे त्यांनी रात्री दहानंतरची किंवा साप्ताहिक सुट्टीची वेळ निवडावी.

ऑडिओ कार्डाची पट्टी ठरवणे

कार्डाच्या सॉफ्टवेअरमधील ‘नॉइज सप्रेशन’, ‘ऑटोमॅटिक गेन’ आणि ध्वनी सुधारणारे सर्व पर्याय बंद करावेत. जो नॉइज मोजायचा तोच हे पर्याय पुसून टाकतात आणि मापन खोटे चांगले दिसते. लॅपटॉपची माइक पिन याच कारणाने टाळावी. तेथे माइकसाठी डीसीही सोडलेला असतो.

आता मोबाइलवरील टोन जनरेटरने ३७५ हर्ट्झचा शुद्ध सूर काढावा. हीच वारंवारता निवडण्यामागे तीन कारणे आहेत. ३७५ हा आकडा ३५० आणि ४०० यांच्या बरोबर मध्ये येतो, त्यामुळे विजेच्या ५० हर्ट्झच्या कोणत्याही पटीशी गफलत होत नाही. ४८,००० ला १२८ ने भागले की नेमके ३७५ येतात, त्यामुळे एफएफटीमध्ये, म्हणजे संकेत वारंवारतेच्या अरुंद खान्यांत विभागणाऱ्या गणितात, हा सूर एका खान्याच्या बरोबर मध्यावर बसतो आणि त्याची उंची खरी दिसते. शिवाय स्वस्त मल्टिमीटरचे एसी माप साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असते.

मोबाइलचा आउटपुट १० किलोओहम आणि १० ओहमच्या विभाजकाला द्यावा व विभाजकाच्या वरच्या टोकाशी २०० मिलिव्होल्ट मिळेपर्यंत आवाज वाढवावा. खालच्या टोकाशी त्याचा १,००१ वा भाग, म्हणजे २०० मायक्रोव्होल्ट मिळतो. तो सर्किटच्या इनपुटला द्यावा. आउटपुटवर मल्टिमीटरने २२२ मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. तो तसा न आल्यास तेथेच थांबून गेनचे रेझिस्टर आणि डाग तपासावेत. आकडा बरोबर आल्यावर कार्डाचा आवाज असा ठेवावा, की संकेत कापला जाणार नाही, आणि त्यानंतर ते बटण संपूर्ण मोजणी होईपर्यंत हलवू नये.

ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. नमुना दर ४८,००० ठेवून एका मिनिटाचा सूर नोंदवावा. स्पेक्ट्रमच्या खिडकीत आकार ६५,५३६ आणि विंडो ‘हॅन’ निवडून ३७५ हर्ट्झच्या शिखराची डेसिबल पातळी वहीत लिहावी. ही पातळी म्हणजे इनपुटवरील २०० मायक्रोव्होल्ट. कार्ड कोणत्या कंपनीचे आहे, त्याची पूर्ण पट्टी किती व्होल्टची आहे, यातले काहीही आता ठाऊक असण्याची गरज उरत नाही.

नॉइजची नोंद

आता सूर काढून टाकावा, विभाजकही काढावा आणि धन इनपुट आखूड तारेने थेट ग्राउंडला जोडावा. बेसमध्ये टीएल०७२ असावी. डब्याचे झाकण लावून तीन मिनिटे नोंद घ्यावी आणि त्याच आकाराने व त्याच विंडोने स्पेक्ट्रम काढावा.

येथे बहुतेकांची एक चूक होते. सुराच्या शिखराची उंची एफएफटीच्या खान्याच्या रुंदीवर अवलंबून नसते, पण नॉइजची असते. आकार ६५,५३६ असताना एक खाना ०.७३ हर्ट्झचा असतो. हॅन विंडोमुळे त्याची परिणामी रुंदी दीडपट, म्हणजे १.१ हर्ट्झ होते. म्हणून वाचलेल्या नॉइजला १.१ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.०५ ने भागावे लागते. हीच नोंद ४,०९६ आकाराने पाहिली तर नॉइजची संपूर्ण रेषा १२ डेसिबलने वर सरकते आणि सूर मात्र जागेवरच राहतो. नॉइज वाढलेला नसतो, फक्त खाना सोळा पट रुंद झालेला असतो. मी स्वतः सुरुवातीला ही दुरुस्ती न करता एका चांगल्या आयसीला चार पट वाईट ठरवले होते, म्हणून यावर इतका भर देत आहे.

दुसरी काळजी सरासरीची. स्पेक्ट्रम मजकुराच्या फाइलमध्ये काढून घेता येतो. तो स्प्रेडशीटमध्ये घ्यावा आणि ९०० ते १,१०० हर्ट्झमधील खान्यांची सरासरी करावी. ५० हर्ट्झच्या पटींवरील आणि त्यांच्या लगतचे खाने वगळावेत. सरासरी डेसिबलची करू नये: प्रत्येक खान्याचे डेसिबल दहाने भागून १० चा घात घ्यावा, त्या शक्तींची सरासरी काढावी आणि मगच पुन्हा डेसिबलमध्ये जावे. एकेका नोंदीच्या डेसिबलची थेट सरासरी घेतली तर उत्तर २.५ डेसिबलपर्यंत कमी येते.

टीएल०७२ च्या माहितीपत्रकात १ किलोहर्ट्झला १८ नॅनोव्होल्ट हा आकडा दिलेला असतो. १.०५ ने गुणून तो २०० मायक्रोव्होल्टच्या खाली ८०.५ डेसिबलवर दिसला पाहिजे. यानंतर इनपुटवरील आखूड तार काढून तेथे १०० किलोओहमचा रेझिस्टर लावावा आणि पुन्हा तीन मिनिटे नोंद घ्यावी. आता रेझिस्टरचे ४०.७ आणि आयसीचे १८ वर्गांच्या नियमाने मिळून ४४.५ नॅनोव्होल्ट होतात, म्हणून रेषा ७२.६ डेसिबल खाली, म्हणजे आधीपेक्षा सुमारे ८ डेसिबल वर दिसली पाहिजे.

खरी परीक्षा या दोन नोंदींच्या वजाबाकीत आहे. दुसऱ्या आकड्याच्या वर्गातून पहिल्याचा वर्ग वजा करावा. आयसी कशीही असली तरी ती वजाबाकीत निघून जाते आणि उरतो तो केवळ रेझिस्टर. त्याचे वर्गमूळ ४०.७ च्या पाच टक्क्यांच्या आत आले, तर संपूर्ण मापनयंत्रणा विश्वासार्ह आहे असे समजावे. वजाबाकीने मिळालेल्या वर्गाला चौपट तापमान गुणिले रोध याने भागले, तर बोल्ट्झमन स्थिरांक १.३८ गुणिले १० चा उणे २३ वा घात हातात येतो. पत्र्याच्या डब्यातून निसर्गाचा एक मूलभूत स्थिरांक मोजला गेल्याचा जो आनंद विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर दिसतो, त्यासाठीच हा प्रयोग शाळा-महाविद्यालयांत व्हावा असे मला मनापासून वाटते.

उत्तर जास्त येत असेल तर बहुधा डब्याचे झाकण नीट बसलेले नसते किंवा सर्किट ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर दोलन करत असते. उत्तर कमी येत असेल तर सॉफ्टवेअरची एखादी सुधारणा चालू राहिलेली असते किंवा सरासरी चुकलेली असते. आकडा जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

अनोळखी आयसी

यंत्रणा जुळली, की बेसमधील आयसी बदलून इनपुट ग्राउंडला जोडलेल्या अवस्थेत नोंद घेत जावी. एनई५५३२ साठी १ किलोहर्ट्झला ५ नॅनोव्होल्ट अपेक्षित आहेत, म्हणजे रेषा ९१.६ डेसिबल खाली. इतक्या खाली मोजताना कार्डाचा स्वतःचा नॉइज तपासणे आवश्यक ठरते: कार्डाची केबल सर्किटपासून सोडवून तिची टोके एकमेकांना जोडावीत आणि नोंद घ्यावी. ही पातळी आयसीच्या पातळीपेक्षा किमान १० डेसिबल खाली हवी; १० डेसिबलला व्होल्टमधील चूक ५ टक्के राहते आणि वर्गांच्या वजाबाकीने तीही काढता येते.

कमी वारंवारतेकडे पाहिले तर रेषा डावीकडे हळूहळू वर चढताना दिसते. हा फ्लिकर नॉइज. एनई५५३२ च्या माहितीपत्रकात ३० हर्ट्झला ८ नॅनोव्होल्ट दिलेले आहेत, ते याचमुळे.

बाजारात जुन्या आयसीवर नवे नाव छापून विकण्याचे प्रकार होतात, आणि त्यावर हे मापन हा एक भक्कम उपाय आहे. एका दुकानातून घेतलेल्या, शांत म्हणून नाव असलेल्या दोन आयसी मी याच डब्यात मोजल्या, तेव्हा दोन्हींचा नॉइज नावावरील आकड्याच्या कितीतरी पट निघाला. गेन, सप्लाय, सर्व ठीक होते. केवळ कानाने ऐकून हे कधी सिद्ध करता आले नसते.

शेवटचे मापन बहुतेक जण सोडून देतात, पण आयसीची निवड त्यावरच ठरते. आयसी विद्युतदाबाबरोबर प्रवाहाचाही नॉइज करते आणि तो इनपुटला जोडलेल्या रोधातून वाहून पुन्हा विद्युतदाब बनतो. एनई५५३२ बेसमध्ये ठेवून इनपुटवर ४७ किलोओहम लावावा. रेझिस्टरचे २७.९ आणि आयसीचे ५ मिळून २८ च्या थोडे वर दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ४३ च्या आसपास आकडा येतो. उरलेले सुमारे ३३ नॅनोव्होल्ट हे ०.७ पिकोअँपियरचा प्रवाह-नॉइज ४७ किलोओहममधून गेल्यामुळे आलेले असतात. टीएल०७२ मध्ये हा प्रवाह-नॉइज ०.०१ पिकोअँपियर, म्हणजे सत्तर पट कमी असल्यामुळे तेथे असे काही दिसत नाही. १०० किलोओहमच्या स्रोतावर हिशोब केला तर टीएल०७२ चे ४४.५ नॅनोव्होल्ट आणि एनई५५३२ चे ८१ होतात: जी आयसी इनपुट ग्राउंडला जोडलेला असताना साडेतीन पट शांत होती, तीच येथे दुपटीच्या जवळ गोंगाट करते.

म्हणून आयसी निवडण्यापूर्वी जो माइक किंवा पिकअप जोडायचा आहे त्याचा रोध पाहावा आणि तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर इनपुटवर लावून दोन्ही आयसी मोजाव्यात. २०० ओहमच्या डायनॅमिक माइकसाठी रेझिस्टरचा वाटा १.८ नॅनोव्होल्टच असतो, तेव्हा एनई५५३२ स्पष्टपणे योग्य ठरते. जास्त रोधाच्या पिएझो पिकअपसाठी टीएल०७२ घ्यावी. प्रत्येक नोंदीसोबत खोलीचे तापमान, बॅटरीचा विद्युतदाब, इनपुटवरील रेझिस्टर आणि एफएफटीचा आकार वहीत लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी दुसरी आयसी मोजताना त्याच स्थितीत १०० किलोओहमची नोंद पुन्हा घ्यावी आणि ती जुन्या आकड्याशी जुळल्यावरच नवी आयसी बेसमध्ये बसवावी.